कातडीला हात न लावता रोग कसा कळणार?

गेल्या पावसाळ्यात थकीत पगाराच्या प्रकरणात एक कंत्राटी सफाई कामगार भगिनी आमच्याकडे आल्या. पिशवीतून कागद काढताना हजेरीकार्डाबरोबर मलमाच्या सात रिकाम्या ट्यूबही टेबलावर पडल्या. विचारले तेव्हा संकोचाने म्हणाल्या, "दादा, तीन वर्षं झाली, गजकर्ण जात नाही. मलम लावलं की आठ दिवस बरं वाटतं, मग दुप्पट उठतं." दवाखान्यात गेला नाहीत का? "चार वेळा गेले. डॉक्टरांनी लांबूनच विचारलं, कुठं खाजतं? बाही वर करून दाखवते म्हणाले, तोवर पुढचा नंबर पुकारला."

आम्ही ते चारही केसपेपर पाहिले. औषधाचे नाव चारही ठिकाणी होते. तपासणीत काय आढळले, ही जागा चारही ठिकाणी कोरी होती!

ही कोरी जागा आम्हाला नवी नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीगत दिली आहे. ती १९२९ साली 'यंग इंडिया'त छापून आली होती. बाळंतीण पत्नी आजारी पडली, तर डॉक्टरने वस्तीत यायला नकार दिला. थर्मामीटर त्याने एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिले, त्यांनी ते नवऱ्याला दिले आणि नवऱ्याने बायकोला. त्याच वाटेने ते परत आले. कंदिलाच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने न्यूमोनिया सांगितला. ती माता वाचली नाही.

आजचा प्रत्येक डॉक्टर तसाच आहे, असे आमचे म्हणणे नाही. ओपीडीतली गर्दी आम्हालाही दिसते. पण घाईतही कोणाची बाही वर होते आणि कोणाची होत नाही, हा प्रश्न विचारण्याचा आम्हाला अधिकार आहे. कारण त्वचारोगाचे निदान डोळ्यांनी आणि बोटांनी होते. गजकर्णाच्या चट्ट्याची कड उंचावलेली, खवलेदार असते. शंका असेल तर ती कड खरवडून काचपट्टीवर घेतात, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे शोधतात. चाचणी स्वस्त आहे. खरूज बोटांच्या बेचक्यांत शोधावी लागते आणि घरातल्या सर्वांवर एकाच वेळी उपचार करावे लागतात. चट्टा बधिर आहे का, कोपराजवळची नस जाड झाली आहे का, हे चाचपले नाही तर कुष्ठरोग निसटून जातो. वेळीच कळला तर सहा किंवा बारा महिन्यांच्या मोफत औषधांनी तो बरा होतो. निसटला तर हातपाय अधू होतात. शिवाय सावळ्या कातडीवरची लाली लाल दिसत नाही, काळपट-जांभळट दिसते. म्हणजे आमच्या माणसांना तर अधिकच जवळून पाहायला हवे!

न पाहता लिहिलेले मलम काय करते? त्या सातपैकी पाच ट्यूबमध्ये स्टिरॉइड होते. स्टिरॉइड खाज आणि दाह दाबते, म्हणून आठ दिवस बरे वाटते. पण बुरशीशी लढणारी कातडीची ताकदही तेच दाबते. बुरशी आत पसरत राहते, कातडी पातळ होते, जांघेत आणि काखेत कायमचे वळ उमटतात. जपानी संशोधकांनी २०२० साली भारत आणि नेपाळच्या रुग्णांत आढळलेल्या अशा एका हट्टी बुरशीला 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' हे नाव दिले. टर्बिनाफिन हे नेहमीचे औषध तिच्यावर अनेकदा चालत नाही. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमे शेड्यूल एचमध्ये घालून चिठ्ठीशिवाय विक्रीला बंदी केली. तरीही आमच्या वस्तीतल्या मेडिकलमध्ये नुसते "खाजेचं मलम द्या" म्हटले की ट्यूब हातात पडते.

कायदा आहे. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ च्या कलम ५ नुसार अस्पृश्यतेच्या कारणाने रुग्णालयात प्रवेश नाकारणे हा गुन्हा आहे आणि प्रवेश दिल्यावर भेदभाव करणे हाही गुन्हाच आहे. पण वकील म्हणून सांगतो, न लावलेला हात न्यायालयात सिद्ध करणे महाकठीण. पुरावा एकच उरतो, तो म्हणजे केसपेपरवरची ती कोरी जागा. म्हणूनच समाजबांधवांनो, भगिनींनो, कागद घेऊन लगेच उठू नका. "साहेब, चट्टा पाहा आणि काय दिसले ते लिहा," असे नम्रपणे पण ठामपणे म्हणा. ट्यूबवर काय लिहिले आहे ते घरातल्या शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या. महिला तपासणीसाठी पडदा आणि सोबत महिला कर्मचारी मागा. कार्यकर्त्यांनी दवाखान्यात त्वचारोगाची तपासणी आठवड्यातून कोणत्या दिवशी होते हे लेखी विचारावे. होत नसेल तर ती सुरू करण्याची मागणी करावी.

त्या भगिनींना घेऊन आम्ही दुसऱ्या रुग्णालयात गेलो. एका तरुण डॉक्टर बाईंनी पडदा ओढला, चट्टे बोटांनी चाचपले, कड खरवडली. बुरशी दिसली. स्टिरॉइड बंद झाले, नवरा आणि मुलगी यांनाही तपासून औषध दिले, कपडे वेगळे धुऊन उन्हात वाळवायला सांगितले. उपचाराला अनेक आठवडे लागले. चट्टे आता गेले आहेत, डाग आणि वळ राहिले आहेत.

परवा त्या थकीत पगाराच्या तारखेला आल्या होत्या. म्हणाल्या, "दादा, औषध तर मोठं होतंच. पण बाईंनी हात लावून पाहिलं ना, तेव्हाच निम्मी बरी झाले." पगाराचा दावा अजून चालू आहे.