आपल्या चुलीवरचं उरलेलं

वस्तीतल्या आरोग्य बैठकीत ‘उरलेलं अन्न’ म्हटलं की जुन्या बायांच्या कपाळाला आठी पडते. त्यांचं चुकत नाही. शिळे तुकडे म्हणजे काय, ते आपल्या आजी-पणजींनी भोगलंय. दिवसभर गावकीची कामं करायची आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागत फिरायचं. आपल्याच जिल्ह्यात, महाडला, मार्च 1927 च्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं की मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्टे-शिळे तुकडे सोडा. ते सुटलं ते कायमचं. पण दुसऱ्याच्या दारातला तुकडा वेगळा आणि आपल्या कमाईच्या तांदळाचा, आपल्याच टोपात उरलेला भात वेगळा. तो गटारात ओतण्यात कसला मान?

तरी भाताच्या बाबतीत मी कडक आहे. आपल्याकडच्या दमट हवेत शिजवलेला भात दोन तासांपेक्षा जास्त उघड्यावर राहिला, तर त्यात विष तयार करणारे जंतू वाढू शकतात. ते विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. उलट्या-जुलाब सुरू होतात आणि घरचे म्हणतात, ‘काहीतरी बाधलं.’ फ्रिज असेल तर भात पसरट ताटात निववून लगेच आत ठेवा. फ्रिज नसेल तर उरलेला भात तेव्हाच थालीपिठात घाला. वाटीभर भात कुस्करायचा, त्यात वाटीभर तांदळाचं पीठ, अर्धी वाटी बेसन, कांदा, मिरची, ओवा आणि मूठभर शेवग्याचा पाला. पाण्याऐवजी उरलेलं वरण घालून मळायचं. तव्यावर दोन्हीकडून खरपूस भाजलेलं हे थालीपीठ संध्याकाळी शाळेतून आलेल्या पोरांना पुरतं. रात्रीची भाकरी मात्र सकाळी कुस्करून, कांदा-कढीपत्त्याची फोडणी देऊन बिनधास्त खा. खोबऱ्याचं वाटण घातलेलं कालवण ठेवूच नका, ते लवकर आंबतं.

पाल्याचा एवढा आग्रह का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 54 बायांना रक्तक्षय निघाला. म्हणजे बैठकीला बसलेल्या दर दोघींतली एक. चालताना दम लागतो, पाय ओढतात, आणि आपण म्हणतो वय झालं. शेवगा, माठ, मायाळू यांच्या पाल्यात लोह असतं. ते अंगी लागावं म्हणून वर लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तासभर थांबा. माठाच्या भाजीत मूठभर जवळा टाकला तर चवही येते आणि प्रथिनंही मिळतात. जवळा आधी दोन पाण्यांनी धुवा, ब्लड प्रेशर असलेल्यांनी तर नक्कीच. गरोदर बाईला आशाताईने दिलेल्या लोहाच्या गोळ्या चालूच ठेवायच्या. भाजी गोळीची जागा घेत नाही.

‘बाई, जागा कुठाय?’ हा प्रश्न ठरलेला. माठाला सिमेंटची धुतलेली गोणी पुरते. मायाळूचा तुकडा फुटक्या घमेल्यात रोवला तरी वेल पत्र्यावर चढतो. अळू मोरीच्या पाण्यावर येतं, पण साबणाचं पाणी वेगळं काढा, आणि खाताना चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवा, नाहीतर घसा खाजतो. तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना घाला. एक गोष्ट मात्र नको: भंगारात स्वस्त मिळतात ते कंपन्यांचे निळे ड्रम. आत कुठलं रसायन होतं, आपल्याला कळायला मार्ग नाही. त्यात खायची भाजी लावू नका, पिण्याचं पाणी तर नकोच. कुंडीखाली पाणी साचू दिलंत तर डासही पाळल्यासारखेच.

शेवग्याला जमीन लागते, पण थोडी. मनगटाएवढी जाड, तीन-चार फुटांची फांदी पाऊस सुरू होण्याआधी रोवायची. अंबेचं पाणी चढतं किंवा पावसाचं साचतं तिथे मुळं कुजतात, म्हणून मातीचा उंचवटा करून त्यावर लावा. विहारामागे हातभर जागा असेल तर एक तिथेही लावा. झाड मोठं झालं की वर्षावासात ग्रंथवाचनाला आलेल्या बाया जाताना मूठभर पाला खुडून नेतील.