कागद बदलला की चव बदलते?

ठरावीक कंपनीचेच बिस्कीट हवे म्हणून मूल दुकानात हटून बसते. ‘त्याची चवच वेगळी आहे, अम्मी,’ असे ते म्हणते तेव्हा खोटे बोलत नसते. नाव पाहिले की त्याला चव खरोखर वेगळी लागते.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ३ ते ५ वर्षांच्या ६३ मुलांना एकच पदार्थ दोन प्रकारे दिला: एकदा मॅकडोनल्ड्सच्या कागदात, एकदा साध्या कागदात. हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. नाव असलेल्या कागदातले बटाट्याचे तळलेले काप ७७ टक्के मुलांना जास्त चविष्ट लागले. किराणा दुकानातून आणलेल्या गाजरांनाही निम्म्याहून अधिक मुलांनी नावामुळेच पसंती दिली!

मुलांना हे भाषणाने पटत नाही, वर्गात करून पाहावे लागते. एकाच पुड्यातली बिस्किटे दोन ताटांत ठेवा. एका ताटाजवळ प्रसिद्ध कंपनीचे वेष्टन, दुसऱ्याजवळ कोरा कागद. प्रत्येकाने दोन्ही खाऊन दहापैकी गुण लिहायचे, तेही न बोलता, कारण वर्गातला एखादा बोलका मुलगा सगळ्यांचे मत ठरवून टाकतो. अर्ध्या वर्गाला ताटे उलट्या क्रमाने द्या. फळ्यावर बेरीज झाली की खरे सांगून टाका. रोजे असतील तर बिस्किटांऐवजी वह्या घ्या: मुखपृष्ठे झाकून शाई फुटते का पाहायचे, एका पानाची किंमत काढायची.

मात्र मुलांचे स्वतःचे बूट किंवा दप्तर या खेळात कधीही आणू नयेत. ईदला साधे बूट मिळालेल्या मुलाची वर्गासमोर मान खाली गेली, तर असा उपक्रम न केलेलाच बरा.

वेष्टनावरचे सगळेच पोकळ, असेही मुलांना वाटता कामा नये. मोठ्या अक्षरातले नाव कंपनी स्वतः ठरवते. एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक सरकारी यंत्रणा देते. घटकांच्या यादीत वजनाने सर्वांत जास्त असलेला घटक पहिला लिहावा लागतो. ही यादी वर्गात मोठ्याने वाचायला लावा. साखर कितव्या जागी आहे, हे मुले लगेच शोधतात.

शेवटी मोहल्ल्यातल्या बेकरीच्या सुट्या नानकटाईसाठी मुलांकडून वेष्टन काढून घ्या. कोणता रंग, कोणते नाव निवडले हे विचाराच, पण काय लिहायचे मुद्दाम टाळले, हेही विचारा.