ढगांखालचं कुडपण

कोकणातल्या कुठल्याही वाडीत जा, घरांवरच्या डिश आग्नेयेकडे तोंड करून असतात. पोलादपूर तालुक्याच्या टोकाला, प्रतापगडाच्या मागच्या अंगाला वसलेलं कुडपणही त्याला अपवाद नाही. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या माथ्यावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्याच गतीने फिरतात. म्हणून खालून ते जागचे हलत नाहीत आणि डिश एकदा बसवली की झालं. डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ आहे ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, आपल्यापेक्षा बराच पूर्वेला. मात्र त्याच्याकडून येणाऱ्या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटरच्या. आषाढात धार लागली की थेंब त्या गिळतात आणि ऐन बातम्यांच्या वेळी पडदा काळा होतो.

हवामानाचे इन्सॅट-३डीआर आणि फेब्रुवारी २०२४मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीएसही याच उंचीवर. ते दर अर्ध्या तासाला ढगांचं चित्र पाठवतात, रात्रीसुद्धा. कारण ते ढगाच्या माथ्याचं तापमान मोजतात. माथा जितका थंड, तितका ढग उंच आणि पाऊस जास्त, असा ठोकताळा. सह्याद्री इथेच चकवतो. डोंगराला धडकून वर चढलेले बुटके ढगही घाटमाथ्यावर बेदम कोसळतात, आणि वरून पाहणाऱ्याला ते बिचारे साधेसुधे वाटतात. म्हणून पर्जन्यमापक अजून पेन्शनीत निघालेला नाही.

जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटरवर. ठिकाण सांगायला एका वेळी किमान चार दिसावे लागतात. दरीत कड्यांनी निम्मं आभाळ झाकलं की फोन चाचपडतो. भटक्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

या मुलुखाचा खरा प्रश्न दरडीचा. २२ जुलै २०२१ रोजी महाडमधलं तळिये गाडलं गेलं, ८०हून अधिक माणसं गेली. पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी आल्या. शेजारच्या महाबळेश्वरात तेव्हा २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. अशा वेळी छायाचित्रं काढणारे उपग्रह कितीही तीक्ष्ण असोत, त्यांना ढगाची पाठच दिसते. इथे रडार लागतं: ते स्वतःच लहरी सोडतं आणि परतलेला प्रतिध्वनी ऐकतं. ढग, अंधार, काही आड येत नाही. इस्रो-नासाचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला. त्याच्या एका रडारची लहर तब्बल २४ सेंटिमीटरची, त्यामुळे ती झाडोऱ्यातूनही बरीचशी जमिनीपर्यंत पोचते. दोन फेऱ्यांतले प्रतिध्वनी ताडून उतार सेंटिमीटरभर सरकला तरी कळू शकतं.

पण निसार त्याच जागेवर परत येतो बारा दिवसांनी. हळूहळू खचणारा डोंगर त्याच्या हाती लागेल. चिखल होऊन काही तासांत सुटणारी दरड नाही. कोणती वाडी धोक्यात, हे पावसाळ्याआधी ठरवायला त्याचा उपयोग. ‘आज रात्री घर सोडा’ हे सांगायला पावसाचे आकडे, भेगांवर नजर ठेवणारे गावकरी आणि चालू फोन लागतो. त्यात वीज गेली आणि मोबाइलचा टॉवर मुका झाला, की उरतो सॅटेलाइट फोन. तो आपल्याकडे परवान्याशिवाय बाळगता येत नाही. त्यामुळे तो प्रशासनाकडे आणि बचाव पथकांकडे असतो, वाडीत नसतो.