पॅसिफिक नेशन्स चषक
पॅसिफिक नेशन्स चषक : फिजी, सामोआ व टोंगा ह्या दक्षिण पॅसिफिक महासागरातील द्वीपराष्ट्रांच्या परस्पर लढतींतून वाढीस लागलेली रग्बी युनियन खेळाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा. १९८२ मध्ये ती त्रिराष्ट्रीय स्पर्धा म्हणून सुरू झाली. २००६ मध्ये तिची पुनर्रचना झाली आणि २००७ पासून तिला प्रस्तुत नाव मिळाले. २०२४ व २०२५ साली तीत ह्या तिघांखेरीज जपान, कॅनडा व अमेरिकेची संयुक्त संस्थाने ह्यांचेही संघ होते.

रग्बी हा लंबगोल चेंडूने खेळावयाचा फुटबॉलचा प्रकार असून, त्याच्या ‘युनियन’ ह्या शाखेत प्रत्येक संघात १५ खेळाडू असतात व सामना ८० मिनिटे चालतो. चेंडू हातांत घेऊन धावता येते. मात्र तो हाताने पुढे फेकता येत नाही, मागे किंवा बाजूसच द्यावा लागतो. प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीस टेकविला की ‘ट्राय’ होतो. त्याचे आज पाच गुण मिळतात. १९२४ च्या सुमारास तीन मिळत. वजन, वेग आणि अंगावर झेप घेऊन गडी पाडण्याचे धाडस ह्यांना ह्या खेळात मोठे मोल आहे.

फिजीमध्ये हा खेळ सु. १८८४ मध्ये व्हिती लेव्हू बेटावरील बा येथे यूरोपीय व फिजीयन शिपायांनी प्रथम खेळला, असे मानतात. सामोआत तो १९२० च्या सुमारास मॅरिस्ट पंथाच्या ख्रिस्ती शिक्षकांनी नेला. टोंगामध्ये खलाशी व मिशनरी ह्यांच्यामार्फत आलेला हा खेळ शाळा-महाविद्यालयांतून पसरला व १९२३ मध्ये तेथे रग्बी संघटना स्थापन झाली. एक चेंडू आणि मोकळे मैदान एवढ्यावर भागणारा हा खेळ गावागावांत रुजण्यास वेळ लागला नाही. गाव, चर्च व शाळा ह्यांच्यातील चढाओढीला त्याने नवे क्षेत्र मिळवून दिले. फिजीतील भारतीय वंशाच्या लोकांचा – म्हणजे १८७९ ते १९१६ ह्या काळात उसाच्या मळ्यांवर गेलेल्या गिरमिट्यांच्या वंशजांचा – ओढा मात्र रग्बीपेक्षा साध्या फुटबॉलकडे राहिला, ही गोष्ट त्या देशाच्या समाजरचनेवर प्रकाश टाकणारी आहे.

ह्या बेटांमधील पहिला आंतरराष्ट्रीय सामना १८ ऑगस्ट १९२४ रोजी सामोआतील आपिया येथे फिजी व पश्चिम सामोआ ह्यांच्यात झाला. सामोआच्या खेळाडूंना नंतर कामावर जाता यावे म्हणून तो सकाळी सात वाजता सुरू करण्यात आला. मैदानात एक झाड उभे होते, त्याला वळसा घालूनच खेळाडूंना धावावे लागले. फिजीने हा सामना ६–० असा जिंकला. तेथून फिजीचा संघ जहाजाने टोंगाला गेला. तेथील तीन सामन्यांची मालिका बरोबरीत सुटली. परतीच्या वाटेवर आपिया येथे पुन्हा सामना झाला, त्यात सामोआने ९–३ अशी परतफेड केली. त्रिराष्ट्रीय स्पर्धेची कल्पना औपचारिक रीत्या पुढे अठ्ठावन्न वर्षांनी आली असली, तरी तिचा आराखडा ह्या एका सफरीतच दिसतो.

सामन्यापूर्वी तिन्ही संघ आपापले युद्धनृत्य करतात. टोंगाच्या नृत्यास ‘सिपी ताउ’ व सामोआच्या नृत्यास ‘सिवा ताउ’ म्हणतात. फिजीचे ‘थिंबी’ हे नृत्य १९३९ च्या न्यूझीलंड दौऱ्यापासून रूढ झाले. त्या दौऱ्यात फिजीचा संघ अपराजित राहिला. त्याचे कर्णधार जॉर्ज थाकोम्बाऊ हे पुढे फिजीचे गव्हर्नर-जनरल झाले. २०१२ पासून फिजीचा संघ थिंबीऐवजी ‘बोले’ नावाचे दुसरे नृत्य करू लागला.

त्रिराष्ट्रीय पर्व : १९८२ ची पहिली स्पर्धा पश्चिम सामोआने (१९९७ पासून ‘सामोआ’) जिंकली. पुढे ही स्पर्धा बहुधा दरवर्षी होऊ लागली. १९९३–९५ ह्या तीन वर्षांत तिला एक व्यावहारिक महत्त्वही होते. कारण तिचा विजेता दक्षिण गोलार्धातील प्रांतिक संघांच्या ‘सुपर १०’ स्पर्धेत प्रवेश मिळवीत असे. पहिली दोन वर्षे हा मान पश्चिम सामोआला व तिसऱ्या वर्षी टोंगाला मिळाला. परंतु १९९५ मध्ये रग्बी युनियन हा खेळ व्यावसायिक झाला आणि दुसऱ्याच वर्षी निघालेल्या ‘सुपर १२’ स्पर्धेत न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका ह्यांच्याच संघांना स्थान मिळाले. पश्चिम सामोआने १९९१ च्या विश्वचषकात कार्डिफ येथे वेल्सचा १६–१३ असा पराभव करून उपांत्यपूर्व फेरी गाठली होती व १९९५ मध्येही तेथवर मजल मारली होती. तेव्हा ह्या वगळण्याचे कारण खेळाच्या दर्जात शोधता येत नाही. फिजीची लोकसंख्या सु. ९ लाख, सामोआची सु. २ लाख आणि टोंगाची सु. १ लाख. दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणहक्कांवर चालणाऱ्या व्यवसायात एवढ्या लहान बाजारपेठेला किंमत नव्हती.

खेळाडूंचे स्थलांतर : ह्याचा परिणाम असा झाला, की उत्तम खेळाडूंना उपजीविकेसाठी न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, जपान, फ्रान्स वा ब्रिटनमधील संघांची वाट धरावी लागली. त्यांनी घरी पाठविलेल्या पैशावर अनेक कुटुंबे चालतात. त्यामुळे ह्या स्थलांतराकडे निव्वळ हानी म्हणून पाहता येत नाही. शिवाय प्रश्न गुंतागुंतीचा आहे. ‘ऑल ब्लॅक्स’ ह्या न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघातील जोना लोमू हा टोंगन आईबापांचा मुलगा, पण त्याचा जन्म ऑक्लंडचा. मायकेल जोन्सही तेथलाच. तो १९८६ मध्ये पश्चिम सामोआकडून खेळला आणि १९८७ मध्ये न्यूझीलंडकडून. असे खेळाडू बेटांनी गमावले म्हणावे की न्यूझीलंडने घडविले, ह्याचे एकच उत्तर देता येणार नाही. बेटांचे खरे नुकसान झाले ते २००० नंतरच्या नियमाने. एखाद्या देशाकडून एक सामनाही खेळलेल्या खेळाडूला नंतर दुसऱ्या देशाकडून खेळता येईना. श्रीमंत देशाने तरुणाला एकदोन सामने खेळवून बाजूस सारले, तरी मायदेशाला तो कायमचा अंतरे.

हा नियम नोव्हेंबर २०२१ मध्ये सैल करण्यात आला. १ जानेवारी २०२२ पासून, तीन वर्षे आंतरराष्ट्रीय सामन्यांबाहेर राहिलेल्या खेळाडूस आपल्या, आईबापांच्या किंवा आजीआजोबांच्या जन्मदेशाकडून एकदाच खेळण्याची मुभा मिळाली. त्यानुसार चार्ल्स पिउताउ व मालाकाइ फेकितोआ हे ऑल ब्लॅक्सचे माजी खेळाडू टोंगाकडून खेळले.

पुनर्रचना : २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाने (२०१४ पासून ‘वर्ल्ड रग्बी’) त्रिराष्ट्रीय स्पर्धेच्या जागी पाच संघांची स्पर्धा सुरू केली. तीत जपान व न्यूझीलंडचा दुय्यम संघ ‘ज्युनिअर ऑल ब्लॅक्स’ ह्यांचा समावेश झाला. पुढील वर्षी ऑस्ट्रेलियाचा ‘अ’ संघही आला. दर्जा उंचावणे हा हेतू होता. पण पहिल्या चारही स्पर्धा न्यूझीलंडच्या दुय्यम संघांनी जिंकल्या – २००६, २००७ व २००९ मध्ये ज्युनिअर ऑल ब्लॅक्सने आणि २००८ मध्ये न्यूझीलंड माओरी संघाने. बेटांच्या स्पर्धेत बेटांचे राष्ट्रीय संघ शेजाऱ्याच्या दुसऱ्या फळीकडून हरत होते आणि त्या फळीतही बेटांच्याच वंशाचे खेळाडू होते. हे संघ बाहेर पडल्यावर २०१० व २०१२ मध्ये सामोआ, तर २०११ मध्ये जपान विजयी झाला. २०११ ची जपानमधील लढत त्या वर्षीच्या भूकंपामुळे फिजीत हलवावी लागली होती. २०१३ मध्ये कॅनडा व अमेरिका आले. तेव्हापासून फिजीचे वर्चस्व ठळक झाले. २०१५ ते २०१८ अशी चार विजेतेपदे त्याने ओळीने मिळविली. २०१९ मध्ये जपानने व २०२२ मध्ये सामोआने चषक जिंकला.

सामने कोठे व्हावेत, हा ह्या स्पर्धेतील जुना वाद आहे. आपिया, सुव्हा व नुकुआलोफा येथील मैदाने भरतात, पण तिकिटांचे उत्पन्न बेताचेच. ऑल ब्लॅक्स सामोआत पहिला कसोटी सामना खेळले ते ८ जुलै २०१५ रोजी. १९२४ च्या त्या सामन्यापासून हे घडण्यास एक्याण्णव वर्षे लागली. ह्याच वर्षी पॅसिफिक चषकाचा अंतिम सामना मात्र कॅनडातील बर्नबी येथे झाला. २०२२ मध्ये फिजीचा ‘द्रुआ’ व सामोआ-टोंगाच्या खेळाडूंचा ‘मोआना पासिफिका’ ह्या संघांना अखेर सुपर रग्बीत प्रवेश मिळाला. त्यांपैकी द्रुआ सुव्हा व लाउटोका येथे घरचे सामने खेळू लागला. मोआना पासिफिकाचे ठाणे मात्र ऑक्लंडला राहिले.

२०२४ पासून सहा संघांचे दोन गट करण्यात आले असून बेटांचे तीन संघ एका गटात आहेत. त्यामुळे जुन्या त्रिराष्ट्रीय लढती स्पर्धेच्या आतच टिकून राहिल्या आहेत. बाद फेरीचे सामने २०२४ मध्ये जपानमध्ये व २०२५ मध्ये अमेरिकेत झाले. दोन्ही वेळा अंतिम फेरीत फिजीने जपानला हरविले. २०२४ मध्ये ओसाका येथे ४१–१७ असे. २०२५ ची स्पर्धा २०२७ च्या विश्वचषकाची पात्रता फेरीही होती. तीतून टोंगा, कॅनडा व अमेरिका थेट पात्र ठरले, तर १९८२ च्या पहिल्या विजेत्या सामोआला अखेरच्या पात्रता स्पर्धेत उतरावे लागले.