पात्याची सावली

मोराच्या पिसाऱ्यातला एकशे चौदावा डोळा कापत होतो, तेव्हा पातं रेघेबाहेर गेलं. फार नाही, अर्धा मिलिमीटर. पण ३ मिलिमीटर जाडीच्या बर्च प्लायमध्ये दोन डोळ्यांच्या मधे मी ठेवलेली भिंतच मुळात दीड मिलिमीटरची. त्यातला अर्धा मिलिमीटर गेल्यावर जे उरलं ते पुढच्या वळणावर टिकलं नाही. टिक् असा बारीक आवाज झाला आणि दोन डोळ्यांचा एक डोळा झाला. यंत्र बंद केलं, चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा लावला, आणि अठ्ठावन्न वर्षांचा कुणीही माणूस म्हणेल तेच म्हणालो: आता भिंग आणायला हवं.

ज्यांनी स्क्रोल सॉ पाहिलेली नाही त्यांनी शिलाई मशीन डोळ्यांसमोर आणावं. सुईच्या जागी पाच इंच लांबीचं केसासारखं पातं, दोन्ही टोकांना चिमट्यात ताणून धरलेलं, मिनिटाला हजार-दीड हजार वेळा खालीवर होणारं. लाकडावर नक्षीचा कागद चिकटवायचा आणि लाकूड दोन्ही हातांनी फिरवत रेघ पात्यासमोर आणत राहायची. जाळीकामात प्रत्येक छिद्रासाठी आधी ड्रिलने भोक पाडायचं, पातं वरच्या चिमट्यातून सोडवून त्या भोकातून ओवायचं, पुन्हा अडकवायचं, कापायचं, पुन्हा सोडवायचं. मोराला अशी २१२ भोकं होती. पात्यांना नंबर असतात. पाच नंबरचं पातं साधारण एक मिलिमीटर रुंद. मी वापरत होतो ते ‘टू झीरो’, म्हणजे रुंदी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त आणि जाडी पाव मिलिमीटर. त्याचे दात वर आहेत की खाली, हेही नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

पहिली खरेदी केली ती टेबलाला पकडणाऱ्या भिंगाच्या दिव्याची. लांब मानेचा, मोठी गोल काच, भोवती दिव्यांचं कडं. भिंगाचा नंबर पाच. या नंबराचं गणित सोपं आहे आणि दुकानात जाण्यापूर्वी ते माहीत असलेलं बरं. शंभराला नंबराने भागायचं, येईल ते सेंटिमीटरमधलं अंतर. पाच नंबरचं भिंग म्हणजे वीस सेंटिमीटर. आठ नंबरचं म्हणजे साडेबारा. खोक्यावर ‘सव्वादोन पट’, ‘तीन पट’ असं ठळक छापलेलं असतं, त्याला माणूस भुलतो. अंतर छापलेलं नसतं, आणि काम त्या अंतरातच करायचं असतं.

माझ्या यंत्राची वरची भुजा लाकूड टेकवायच्या पाट्यापासून जेमतेम वीतभर उंचीवर आहे. तिच्या टोकाला पातं ताणायचा खुंट. खाली माझे दोन हात. आता या सगळ्यात काच घालायची कुठे? तिरकी केली तर रेघ कडेला वाकडी दिसते, कारण स्वस्त भिंगाच्या कडेला सरळ रेघही कमानीसारखी वळते. मी ती वळलेली रेघ प्रामाणिकपणे कापली. कागद काढल्यावर मोराची मान सुजलेली निघाली.

आणखी एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. भिंगाखाली रेघ मोठी होते तशी ती पळतेही जोरात. हात मिलिमीटरभर हलला की डोळ्यांना सव्वादोन मिलिमीटर दिसतात. मग हात घाबरून उलटीकडे जास्त वळतो आणि कडेला बारीक लाटा उमटतात. त्यात दिवा यंत्राच्याच टेबलाला लावलेला, म्हणजे यंत्राचा थरकापही सव्वादोन पट. दिवा भिंतीवर हलवल्यावर निदान तेवढं थांबलं.

मग आणलं डोक्याला बांधायचं भिंग. सोनार-घड्याळजींपासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत अनेकांच्या कपाळावर असं काही ना काही असतं. यातल्या जुन्या, नावाजलेल्या ‘ऑप्टिव्हायझर’ची पट्टी पाहिली तर सगळा हिशेब एका ओळीत कळतो: पावणेदोन पट हवं तर काम १४ इंचांवर, अडीच पट हवं तर ८ इंचांवर, साडेतीन पट हवं तर ४ इंचांवर. मी अर्थातच हावरटपणे अडीच पटीची काच घेतली (कंपनी दुसरी, काच तशीच). आठ इंचांवर डोकं नेलं आणि सोळाव्या मिनिटाला कपाळावरची काच खुंटावर आपटली. हात दचकला. मोराची चोच त्यात गेली.

चांदीकाम करणारा एक कारागीर आमच्या पेठेत माडीवर बसतो. मूळचा बंगालचा, पण मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. चोच खिशात घालून त्याच्याकडे गेलो. तो चांदीच्या पत्र्यात हातकरवतीने जाळी कापत होता आणि त्याच्या डोळ्यांवर काहीही नव्हतं. वय पस्तिशीच्या आतलं, हे मान्य. पण मी बघत बसलो ते त्याच्या बसण्याकडे. तो जमिनीलगत बसला होता आणि कामाची फळी छातीच्या उंचीला होती. मान वाकलेलीच नव्हती. दिवा हनुवटीच्या खाली, डाव्या अंगाला, कामापासून वीतभर. उजेड डोळ्यांत मुळीच जात नव्हता, सगळा पत्र्यावर, तोही आडवा.

“भिंग कुठंय तुमचं?” मी विचारलं.

“आहे ना काका, ड्रॉवरमध्ये. झाळ तपासायला लागतं.” मग माझी चोच हातात घेऊन म्हणाला, “दिवा कुठं लावता?”

मी म्हणालो, वर, छताला ट्यूब आहे, शिवाय उजवीकडे एक.

“मग रेघ दिसणार कशी? पातंच सावली पाडतंय तिच्यावर.”

घरी येऊन पाहिलं तर खरंच. उजवीकडचा दिवा वरच्या चिमट्यावर पडत होता आणि चिमट्याची सावली नेमकी पात्याच्या पुढच्या तीन-चार मिलिमीटरांवर. पण ते तीन-चार मिलिमीटरच तर बघायचे असतात! कापलेलं मागे गेलं, ते बघून उपयोग नाही. लांबचं अजून यायचंय. पातं आणि रेघ जिथे भेटतात ती मोहरीएवढी जागा नेमकी अंधारात, आणि मी ती सावली मोठी करून बघण्यासाठी दोनदा पैसे मोजले होते.

पुढचे काही दिवस मोराला हात लावला नाही. रद्दी प्लायच्या तुकड्यांवर नुसते दिवे हलवले. आधी भिंग घातलेला दिवा काढून साधा लवचिक मानेचा दिवा डाव्या बाजूला, पाट्यापासून वीतभर उंचीवर, जवळजवळ आडवा लावला. आडव्या उजेडात कापाची एक कड उजळते आणि दुसरी काळी पडते, त्यामुळे पाव मिलिमीटरची फटसुद्धा खोल घळीसारखी दिसते. मग उजवीकडे दुसरा, मंद आणि लांब, चिमट्याची सावली पुसण्यापुरता. दोन्ही सारख्या जोराचे केले तर सावल्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि सगळं पुन्हा सपाट होतं. डावा जवळ, उजवा त्याच्या दुप्पट लांब, हे प्रमाण माझ्यापुरतं जमलं. लहान दिवा दुप्पट अंतरावर नेला की त्याचा उजेड सुमारे चौथाई होतो, त्यामुळे वेगळा मंद दिवा विकत आणावा लागत नाही.

तेवढ्यात चकाकी आडवी आली. कागदावर आम्ही पारदर्शक पॅकिंग टेप लावतो. पातं तापत नाही, लाकूड जळत नाही, फार जुनी युक्ती. पण आडव्या दिव्याखाली ही टेप आरशासारखी चमकायला लागली. उपाय कॅरममधला आहे. सोंगटी कडेवर ज्या कोनात आपटते त्याच कोनात परतते, उजेडही तसाच. दिवा माझ्या समोर असेल तर उजेड टेपवर आपटून थेट माझ्या डोळ्यांत येणार. तो बाजूला, खांद्याच्या रेषेत आणला की परतणारा उजेड दुसऱ्या भिंतीवर जातो आणि टेप शांत होते. काही जण टेप कागदाच्या खालून लावतात, म्हणजे लाकडावर आधी टेप, तिच्यावर कागद. तेही चालतं.

आणि नक्षी मी लाल शाईत छापायला लागलो. काळी रेघ, काळसर पातं, काळी फट, हे तीन काळे एकमेकांत मिसळतात. लाल रेघेवर पातं उठून दिसतं. मात्र दिवा पिवळा असेल तर लाल रेघ कागदावर तितकी उठत नाही. ४००० केल्विनच्या आसपासचा, ना दुधी ना पिवळा, असा उजेड मला सोसतो.

छताची ट्यूब मात्र बंदच करायची. आपल्याकडे विजेचे झोके सेकंदाला ५०, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूब किंवा हलक्या प्रतीचा एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतो-मंदावतो. माझं यंत्र मिनिटाला १५०० वर ठेवलं की पात्याच्या सेकंदाला २५ खेपा होतात, म्हणजे दर खेपेला चार झपके. पातं प्रत्येक वेळी त्याच त्या जागांवर पकडलं जातं आणि धावणाऱ्या पात्याचे दात उभे राहिल्यासारखे दिसतात. वेग जरासा हलवला की ते सावकाश वर चढताना दिसतात, जणू मुंगी चालली आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मजा वाटली, दुसऱ्यांदा अंगावर काटा आला, कारण बोट त्याच्यापासून दोन सेंटिमीटरवर होतं. दिवा तसा आहे का हे तपासायला मोबाइलचा कॅमेरा पुरतो. दिव्याकडे धरून स्लो मोशन लावायचं. पडद्यावर उजेड फडफडला तर तो दिवा जिन्यात लावावा.

एवढं झाल्यावर डोळ्यांकडे वळलो, खरं तर सुरुवात तिथून करायला हवी होती. चाळिशी लागल्यापासून मी दुहेरी काचेचा चष्मा वापरतो. जवळचा नंबर खालच्या चंद्रकोरीत. यंत्रावर बसलं की ती चंद्रकोर रेघेवर आणायला हनुवटी वर करावी लागे आणि तासाभरात मान आखडे. बायकोने सुतळीचा तुकडा घेतला, एक टोक माझ्या भुवईशी धरलं, दुसरं पात्याशी. ३६ सेंटिमीटर. तो तुकडा घेऊन नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. त्या हसल्या, पण म्हणाल्या, रुग्ण असं अंतर मोजून आणतील तर आमचं निम्मं काम होईल. शंभर भागिले ३६, पावणेतीन. माझ्या लांबच्या नंबरात तेवढी भर घालून फक्त यंत्रासाठी अखंड काचेचा चष्मा केला. पॉलिकार्बोनेटची काच मागून घेतली, कारण तुटलेलं पातं कुठेही उडतं. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती डोक्यात राहिली: साठीच्या माणसाच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या मानाने साधारण तिसरा हिस्सा उजेड पोहोचतो. बाहुली लहान होते, नेत्रमणी पिवळट होतो.

मग त्या कारागिराची बैठक आठवून यंत्राच्या मागच्या पायांखाली सागाच्या पाचरी ठोकल्या आणि स्टूल चार इंच खाली केलं. पाटा आता माझ्याकडे दहा-बारा अंशांनी झुकलाय, उतरत्या डेस्कसारखा. नजर रेघेवर सरळ पडते आणि मान वाकत नाही.

मोर नव्याने कापायला घेतला. चोच पहिल्या बैठकीत निघाली, नुसत्या चष्म्याने. भिंग वाया गेलं का? नाही. कापताना ते लागत नाही, ओवताना लागतं. भोक ०.८ मिलिमीटरचं, पातं ०.५६ चं, आणि ते पाट्याच्या खालून, अंधारातून वर येणार. तिथे यंत्र बंद असतं, हात स्थिर असतो, डोकं हवं तेवढं खाली नेता येतं. कपाळावरची काच खाली पाडायची, प्लाय उचलून त्याच्या पोटाशी छोटी बॅटरी धरायची, भोक चांदणीसारखं चमकतं, पातं त्यात घालायचं, काच वर. २१२ वेळा. शिवाय घड्याळजीचं दहा पटीचं भिंग पात्याचे दात बघायला. ते डोळ्याला आणि वस्तूला जवळजवळ चिकटवावं लागतं, त्यामुळे कापताना त्याचा उपयोग शून्य. पण उलटं लावलेलं पातं लाकूड उचलून आपटतं, ते टाळायला दोन सेकंदांची ही तपासणी पुरते.

भिंगाचा दिवाही मी फेकला नाही, पश्चिमेच्या खिडकीजवळ नुसता उभा ठेवला होता. एका दुपारी चारच्या सुमाराला चहा घेत होतो आणि कापूर जळल्यासारखा नाही, कागद जळल्यासारखा वास आला. उन्हाची तिरीप त्या काचेतून बरोबर वीस सेंटिमीटरवरच्या नक्षीच्या गठ्ठ्यावर उतरली होती. भोक पाच कागदांच्या आरपार. तेव्हापासून त्याच्यावर बायकोच्या जुन्या पोलक्याची टोपी असते. ती काढली की विसरू नये म्हणून यंत्राच्या बटणावर अडकवतो. टोपी घालायला गेल्याशिवाय बटण सापडत नाही.