ईस्टरची तारीख आणि शाळेची घंटा

मुलांनो, नव्या वर्षाची दिनदर्शिका घरी आली की तुम्ही तिच्यात प्रथम काय पाहता? बहुतेक जण सुट्ट्यांचे तांबडे आकडे मोजू लागतात. मोजता मोजता एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली आहे काय? प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्यदिन आणि नाताळ हे दरवर्षी आपापल्या ठरलेल्या तारखेलाच येतात. होळी, गणेश चतुर्थी, दिवाळी यांचे मात्र तसे नाही. हे सण कधी अलीकडे सरकतात, तर कधी पलीकडे. ईस्टरचेही तसेच आहे. २०२४ साली ईस्टर ३१ मार्चला आला, तर २०२५ साली २० एप्रिलला. नाताळ हा ख्रिस्ती लोकांचा सण आणि ईस्टरही त्यांचाच. मग एक स्थिर आणि दुसरा फिरता, असे का बरे?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या मुंबईच्या उपनगरांत ख्रिस्ती धर्मसंस्थांनी चालविलेल्या अनेक शाळा आहेत. एकाच आवारात चर्च आणि त्याला लागून शाळा, असे दृश्य येथे पुष्कळ ठिकाणी दिसते. अशा आवारात दोन घंटा असतात. एक चर्चची, दुसरी शाळेची. दोहोंचा आवाज एकाच अंगणात घुमतो; परंतु दोहोंचे वेळापत्रक निराळे. चर्चच्या घंटेची नजर चंद्राकडे असते आणि शाळेच्या घंटेची पावसाकडे. हे कसे, ते आपण पाहू.

येशू ख्रिस्ताला ज्या शुक्रवारी क्रूसावर खिळण्यात आले, त्या दिवसाला गुड फ्रायडे म्हणतात. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, रविवारी, तो मरणातून पुन्हा उठला, अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. या पुनरुत्थानाचा सण म्हणजे ईस्टर. त्याची तयारी फार आधीपासून चालते. रविवार वगळून चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळला जातो. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून त्याचा आरंभ होतो. ईस्टरच्या आधीच्या रविवारी भाविक हातांत झावळ्या घेऊन चर्चमध्ये जातात. कॅथलिक चर्चमध्ये गुरुवारच्या सायंकाळच्या उपासनेत घंटा वाजते आणि नंतर ती मुकी होते. शुक्रवार गेला, शनिवारचा दिवस गेला, तरी ती वाजत नाही. कित्येक ठिकाणी तेवढ्या काळापुरते लाकडी खटखटे वाजवितात. शनिवारी रात्री अंधारात नवा अग्नी प्रज्वलित करतात, त्यावर एक मोठी मेणबत्ती पेटवितात, आणि मग त्या रात्रीच्या उपासनेत घंटा पुन्हा घणघणू लागते. त्या मेणबत्तीवर चालू वर्षाचा आकडा कोरलेला असतो. जणू चर्चचे नवे वर्षच तिच्या ज्योतीने उजळते!

आता तारखेच्या प्रश्नाकडे वळू. येशू हा जन्माने यहुदी होता. यहुदी लोकांचा वल्हांडण नावाचा सण वसंत ऋतूतील पौर्णिमेच्या सुमारास येतो. आपल्या कोकणातील मराठी बोलणारे बेने इस्राएल लोकही तो पाळत आले आहेत. बायबलप्रमाणे येशूच्या मृत्यूची घटना याच सणाच्या दिवसांत घडली. म्हणून ईस्टरचे नाते पौर्णिमेशी जडले. इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथे धर्माध्यक्षांची मोठी परिषद भरली. सर्व चर्चनी ईस्टर एकाच रविवारी पाळावा, असे तिने ठरविले. पुढे जो नियम रूढ झाला, तो सोपा आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा पाहावी. त्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. २१ मार्चच का? कारण त्या सुमारास दिवस व रात्र समान असतात आणि उत्तर गोलार्धात वसंताचा आरंभ होतो.

हा नियम आपण स्वतः पडताळून पाहू. २०२४ साली २५ मार्चला, सोमवारी, धुळवड होती. ती होळीची पौर्णिमा २१ मार्चनंतर आली होती. म्हणून पुढचा रविवार, ३१ मार्च, हा ईस्टर ठरला. २०२५ साली मात्र धुळवड १४ मार्चलाच होऊन गेली. ती पौर्णिमा उपयोगाची नव्हती. म्हणून हनुमान जयंतीच्या पौर्णिमेपर्यंत थांबावे लागले. चर्चच्या कोष्टकाप्रमाणे ती पौर्णिमा १३ एप्रिलला, नेमकी रविवारी, होती. पौर्णिमा रविवारीच आली, तर त्याच्या पुढचा रविवार घ्यावयाचा असतो. म्हणून २० एप्रिल! थोडक्यात सांगावयाचे, तर ज्याला होळी आणि हनुमान जयंती ठाऊक आहे, त्याला ईस्टरचा अंदाज बहुधा बोटांवर करता येतो. ईस्टर २२ मार्चच्या आधी कधी येत नाही आणि २५ एप्रिलच्या नंतर जात नाही. २५ एप्रिल ही तारीख १९४३ साली आली होती. ती आता २०३८ साली येईल. त्या वेळी तुम्ही मोठे झालेले असाल. आठवणीने पाहा!

परंतु पौर्णिमा तरी दरवर्षी का सरकते? चंद्राचे बारा महिने सुमारे ३५४ दिवसांत पुरे होतात. सूर्याचे वर्ष सुमारे ३६५ दिवसांचे. म्हणजे चंद्राचे वर्ष दरसाल अकरा दिवस आधी संपते. हा फरक भरून काढण्यासाठी आपल्या पंचांगात सुमारे तीन वर्षांनी अधिक मास धरतात. एकोणीस वर्षांचे साधे महिने २२८. त्यांत सात अधिक मास मिळविले की २३५ होतात, आणि चंद्र व सूर्य यांचा मेळ जवळजवळ तंतोतंत बसतो. यहुदी पंचांगही एकोणीस वर्षांत सात महिने वाढविते. ईस्टरची जुनी कोष्टकेही याच एकोणीस वर्षांच्या चक्रावर रचलेली आहेत. देश निराळे, धर्म निराळे, भाषा निराळ्या. तरी आकाशातील एकाच चंद्राने सर्वांना एकच गणित शिकविले.

या गणितात एकदा चूक झाली होती, आणि तिची गोष्ट मोठी मनोरंजक आहे. युरोपात त्या काळी वर्ष ३६५ दिवस ६ तासांचे धरीत. खरे वर्ष याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान आहे. अकरा मिनिटे ती काय! परंतु थेंबाथेंबाने तळे साचते. सुमारे १२८ वर्षांत एक दिवस, याप्रमाणे सोळाव्या शतकापर्यंत दहा दिवसांची तफावत पडली. असेच चालू राहिले असते, तर वसंतातला ईस्टर हळूहळू उन्हाळ्यात गेला असता. म्हणून १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी दिनदर्शिका सुधारली. त्या वर्षी ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी एकदम १५ ऑक्टोबर ही तारीख आली. मधले दहा दिवस गाळण्यात आले!

या घटनेचा आपल्या उपनगरांशीही संबंध आहे. त्या काळी साष्टी बेटावर, म्हणजे आजच्या उपनगरांच्या प्रदेशात, पोर्तुगिजांची सत्ता होती. अंधेरीजवळ कोंडिविटे गावी जेझुइट धर्मगुरूंनी १५७९ साली एक चर्च बांधले होते. दिनदर्शिका बदलली, तेव्हा ते अवघे तीन वर्षांचे होते. पुढे १८४० च्या सुमारास साथीच्या रोगामुळे गावकरी ते सोडून मरोळला गेले. आज अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत त्याच्या जुन्या भिंती उभ्या आहेत. पोर्तुगालने नवी दिनदर्शिका लगेच स्वीकारली. इंग्लंडने मात्र ती १७५२ पर्यंत मानली नाही. सतराव्या शतकात मुंबई बेट इंग्रजांकडे गेले आणि मोठी गंमत झाली. माहीमच्या खाडीच्या एका काठाला, वांद्र्यास, पोर्तुगीज कारभारात ११ मार्च असला, तर दुसऱ्या काठाला इंग्रजांच्या दप्तरात १ मार्च असे. होडीतून खाडी ओलांडली की दहा दिवस मागे! १७३७ साली मराठ्यांनी साष्टी जिंकली, तेव्हा येथे आपल्या पंचांगाच्या तिथींचाही व्यवहार सुरू झाला.

ही झाली चर्चच्या घंटेची कथा. आता शाळेची घंटा ऐकू या. इंग्लंडमध्ये शाळेचे वर्ष सप्टेंबरात सुरू होते आणि त्याचे तिसरे सत्र ईस्टरच्या सुट्टीनंतर भरते. तेथे ईस्टर म्हणजे सुखद वसंत. आपल्याकडे तेव्हा ऊन तापू लागलेले असते. महाराष्ट्रातील शाळा वर्षानुवर्षे जूनच्या मध्यास, पहिल्या पावसाबरोबर उघडत आल्या आहेत. विदर्भात ऊन अधिक दिवस तापते. म्हणून तेथे त्या आणखी काही दिवसांनी उघडतात. तेव्हा उपनगरातील ख्रिस्ती शाळाही ईस्टरनंतर नवे वर्ष सुरू करीत नाही. ईस्टरनंतर तेथे वार्षिक परीक्षा येतात, त्यामागून मे महिन्याची सुट्टी येते. त्या दिवसांत गावठाणांतील ईस्ट इंडियन कुटुंबे मिरच्या व मसाल्याचे जिन्नस उन्हात वाळवितात, ते कुटून वर्षाचा मसाला काचेच्या बाटल्यांत ठासून भरतात. म्हणूनच त्याला बाटली मसाला म्हणतात. पाऊस येण्यापूर्वी घरोघर ही लगबग असते. मग जूनचे ढग येतात आणि शाळेची घंटा होते.

तरीही या दोन घंटांची भेट होतेच. ईस्टरचा काळ एका दिवसात संपत नाही. पन्नासाव्या दिवशी येणाऱ्या पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत तो चालतो. २०२५ साली पेंटेकॉस्ट ८ जूनला होता, आणि त्यानंतर सुमारे आठवड्याने राज्यातील बहुतेक शाळा उघडल्या. त्या वर्षी चर्चचा आनंदकाळ संपला आणि शाळेचे नवे वर्ष दारात उभे राहिले.

मुलांनो, वेळापत्रक आखणाऱ्या शिक्षकांचे काम किती नाजूक असते, हे आता तुम्हाला कळेल. ईस्टर नेहमी रविवारीच येतो. म्हणून त्याची निराळी सुट्टी सहसा नसते. दुसऱ्याच दिवशी गणिताची परीक्षा ठेवली, तर ख्रिस्ती मुलाला सणाच्या दिवशी पाढे घोकत बसावे लागेल. अशीच अडचण दुसऱ्यांचीही होऊ शकते. इस्लामी पंचांग केवळ चंद्राचे असते. त्यात अधिक महिना धरीत नाहीत. म्हणून रमजान ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येते आणि सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येते. २०२४ साली ती ११ एप्रिलला होती, तर २०२५ साली ३१ मार्चला. उपनगरातील ख्रिस्ती शाळेत सर्व धर्मांची मुले एकाच बाकावर बसतात. म्हणजे एका वर्गात किती पंचांगे नांदत असतात पाहा! कोणाचा सण सूर्याबरोबर चालतो, कोणाचा चंद्राबरोबर, तर कोणाचा दोघांचा हात धरून. शिक्षकांनी ही सारी पंचांगे उघडून पाहिली, तरच कोणावर अन्याय होत नाही.

शेजाऱ्याचा सण केव्हा आहे, हे ठाऊक असणे ही लहान गोष्ट वाटते. परंतु योग्य दिवशी "ईस्टरच्या शुभेच्छा!" असे म्हणणाऱ्या मित्राने आपल्या मित्रासाठी एकदा तरी आकाशातील चंद्राकडे पाहिलेले असते. पुढच्या वर्षी होळी पेटेल, तेव्हा तुम्हीही दिनदर्शिका हाती घ्या. २१ मार्च शोधा, पौर्णिमा शोधा, रविवार शोधा. आणि उत्तर बरोबर आले की ते वर्गातल्या सर्वांना सांगा.

स्वाध्याय

१. नाताळ स्थिर आणि ईस्टर फिरता का असतो, ते तुमच्या शब्दांत सांगा.
२. २०२४ साली होळीनंतरच्या रविवारी ईस्टर आला. २०२५ साली तसे का झाले नाही?
३. "होडीतून खाडी ओलांडली की दहा दिवस मागे!" असे लेखकाने का म्हटले आहे?
४. चालू वर्षाची दिनदर्शिका घेऊन ईस्टरची तारीख स्वतः काढा.