पिधान

पिधान : एखादा जवळचा खस्थ पदार्थ निरीक्षक आणि दूरचा खस्थ पदार्थ यांच्या मध्ये येऊन दूरच्या पदार्थास झाकतो, तेव्हा त्या घटनेस पिधान म्हणतात. ‘अपि’ हा उपसर्ग व ‘धा’ (ठेवणे) हा धातू यांपासून हा संस्कृत शब्द बनला असून आरंभीच्या ‘अ’चा लोप झाला आहे. आच्छादन वा झाकण हा त्याचा मूळ अर्थ होय. सूर्यसिद्धांतात ग्रहणाच्या संदर्भात झाकणाऱ्यास छादक व झाकल्या जाणाऱ्यास छाद्य अशा संज्ञा आहेत. झाकल्या जाणाऱ्या पदार्थाचे पिधान होते, उदा., चंद्र रोहिणीचे पिधान करतो.

पिधानाचे कोनीय आकारमान हे गमक आहे. झाकणारे बिंब मोठे असल्यास पिधान, तर लहान असल्यास अधिक्रमण होते. बुध व शुक्र यांची सूर्यबिंबावरून अधिक्रमणे होतात. युतीमध्ये दोन पदार्थ केवळ जवळ दिसतात. चंद्रग्रहणात चंद्र पृथ्वीच्या छायेत शिरतो, त्याच्या आड काही येत नाही. म्हणून ते पिधान नव्हे. खग्रास सूर्यग्रहण मात्र तत्त्वतः चंद्राने केलेले सूर्याचे पिधानच होय.

चंद्र ताऱ्यांच्या संदर्भात पूर्वेकडे तासाला सु. अर्धा अंश, म्हणजे जवळजवळ स्वतःच्या व्यासाइतका सरकतो. त्यामुळे ताऱ्याचे पिधान जास्तीत जास्त तासाभराच्या आसपास टिकते. चंद्रास जाणवण्याजोगे वातावरण नसल्याने तारा मंदावत न जाता एकाएकी अदृश्य होतो. शुक्ल पक्षात तो चंद्राच्या अप्रकाशित कडेआड लुप्त होत असल्याने निरीक्षण सुकर असते. ठळक ताऱ्यांपैकी रोहिणी, मघा, चित्रा व ज्येष्ठा यांचीच चंद्र पिधाने करू शकतो. २९ जानेवारी २०१५ ते ३ सप्टेंबर २०१८ या काळात चंद्राने आपल्या प्रत्येक प्रदक्षिणेत रोहिणीचे पिधान केले. तथापि प्रत्येक पिधान पृथ्वीच्या काही भागांतूनच दिसले.

याचे कारण चंद्राचे सान्निध्य हे होय. निरीक्षणस्थळ बदलले की ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवरील त्याचे स्थानही बदललेले दिसते. पालघर जिल्ह्यातील डहाणू (सु. २०° उ. अक्षांश) व तिच्या ईशान्येस सरळ रेषेत सु. २५ किमी. वर असलेली तलासरी ही स्थळे उदाहरणादाखल घेता येतील. एकाच पिधानाच्या वेळांत या दोन ठिकाणी अर्ध्या मिनिटाच्या आसपास फरक पडू शकतो. म्हणून मुंबईसाठी काढलेली वेळ येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. पिधानपट्ट्याची सीमा या दोहोंमधून गेल्यास एका गावी तारा झाकला जाईल, तर दुसऱ्या गावी तो चंद्राच्या कडेजवळून निसटून जाईल. ऐन सीमेवर चांद्र पर्वतांआड तो अनेकदा लपतो व पुन्हा प्रकटतो. यास स्पर्शी पिधान म्हणता येईल.

नेमकी वेळ व स्थळ ठाऊक असल्यास या लोपातून मोलाची माहिती मिळते. पूर्वी पिधानांवरून रेखांश ठरवीत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उटी येथे १९७० मध्ये पूर्ण केलेली ५३० मी. लांबीची रेडिओ दूरदर्शक मुख्यत्वे चंद्राकडून होणाऱ्या रेडिओ उद्गमांच्या पिधानांसाठी योजिली होती. १० मार्च १९७७ रोजी युरेनसने एका ताऱ्याचे पिधान केले, तेव्हा ग्रहाआड जाण्यापूर्वी व बाहेर आल्यावरही ताऱ्याचा प्रकाश थोडा थोडा वेळ खंडित झाला. यावरून युरेनसभोवतीच्या कड्यांचा शोध लागला. हे निरीक्षण तमिळनाडूतील कावलूर वेधशाळेतूनही झाले होते.